भविष्ये दहा हजार, साचा मात्र एकच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या अर्थविषयक पुरवणीत निवृत्तीनंतरच्या पैशाच्या नियोजनावर आलेला लेख वाचला. साठाव्या वर्षी हाती असलेली रक्कम पंच्याऐंशीव्या वर्षापर्यंत पुरेल काय, या प्रश्नाचे उत्तर लेखकाने संगणकाकडून ‘दहा हजार संभाव्य भविष्ये’ काढून घेऊन दिले आहे आणि ते उत्तर ९४.३७ टक्के असे आहे. लेख सुबोध आहे, भाषा चांगली आहे, हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. परंतु ही दहा हजार भविष्ये कोणत्या वितरणातून, म्हणजे कोणता परतावा किती वेळा येईल हे ठरवणाऱ्या कोणत्या साच्यातून काढली, हे त्यात कोठेही सांगितलेले नाही, आणि माझ्या मते संपूर्ण लेखात सांगण्यासारखी गोष्ट तीच होती.

मी तीसहून अधिक वर्षे महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवले. हा विषय मनाला लागण्याचे आणखी एक कारण असे की गेल्या वर्षी आम्हा पतिपत्नींपुढे एका गुंतवणूक सल्लागारांनी असाच एक रंगीत अहवाल ठेवला होता. त्यातही दोन दशांश स्थळांपर्यंतची टक्केवारी होती आणि एकमेकींत गुंतलेल्या शेकडो रेषांचा आलेख होता. ‘या रेषा कोणत्या वितरणातून आल्या?’ असे मी विचारले, तेव्हा त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले, ‘सर, ते सॉफ्टवेअरच ठरवते.’ सॉफ्टवेअर काहीही ठरवत नाही. ते कोणीतरी ठरवून सॉफ्टवेअरमध्ये लिहून ठेवलेले असते.

संगणक ही भविष्ये, म्हणजेच नमुने, काढतो कसे, हे आधी थोडक्यात सांगतो. संगणक नियमाने चालणारे यंत्र असल्यामुळे फासे टाकणे त्याला जमत नाही. तो एका आकड्यापासून निघतो, त्याला बीज म्हणतात, आणि ठरलेल्या नियमाने पुढचा, त्यापुढचा असे आकडे काढत जातो. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी १९४०च्या दशकात वापरलेली पद्धत तर कागदावरही करता येते. चार अंकी संख्या घ्यावी, तिचा वर्ग करावा आणि मधले चार अंक उचलावेत. ५२७४ चा वर्ग २७८१५०७६ येतो, मधले अंक ८१५०. त्याच्या वर्गातून ४२२५ मिळतात आणि त्यापुढे ८५०६. दिसायला कसे अगदी मनमानी आकडे! पण याच वाटेवर कधी २५०० आले, तर त्याचा वर्ग ०६२५००००, मधले चार अंक पुन्हा २५००, आणि गाडी तेथेच कायमची रुतते.

अशा चुका केवळ बाल्यावस्थेतल्या होत्या असे नाही. १९६०च्या दशकात आयबीएमच्या संगणकांवर ‘रँडू’ नावाचा आकडे काढणारा कार्यक्रम सर्रास वापरला गेला. त्यातले आकडे एकेक पाहिले तर ठीक वाटत, परंतु लागोपाठचे तीन-तीन आकडे घेऊन अवकाशात बिंदू मांडले की ते सारे अवघ्या पंधरा समांतर प्रतलांवर पडत, कारण प्रत्येक आकडा आधीच्या दोन आकड्यांशी एका साध्या समीकरणाने बांधलेला होता. त्यावर आधारलेली किती उत्तरे चुकली असतील, हे ज्याचे त्याने जाणावे. आज परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे. माकोतो मात्सुमोतो आणि ताकुजी निशिमुरा या जपानी गणितज्ञांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेली ‘मर्सेन ट्विस्टर’ ही पद्धत अनेक संगणकभाषांत आणि प्रणालींत वापरली जाते. तिच्यातली आकड्यांची माळ इतकी लांब आहे की ती पुन्हा पहिल्यापासून सुरू होण्याआधी निघणाऱ्या आकड्यांची संख्या लिहायला ६,००२ अंक लागतात. गुप्त संकेतांसाठी ती चालत नाही, पण पैशाच्या अंदाजासाठी पुरेशी आहे. त्यामुळे आपल्या लेखातल्या आकड्यांचा कच्चा माल वाईट असेल, अशी माझी तक्रार नाही.

तक्रार पुढच्या पायरीविषयी आहे. हा कच्चा माल म्हणजे शून्य आणि एक यांच्यामध्ये सारख्या प्रमाणात पसरलेले आकडे. जगातल्या गोष्टी अशा सपाट पसरलेल्या नसतात. माणसांच्या उंचीचा आकार वेगळा, दोन गाड्यांमधल्या अंतराचा वेगळा, बाजारातल्या परताव्याचा वेगळा. सपाट आकड्यांना हवा तो आकार देण्याची युक्ती मात्र सुंदर आहे, आणि शाळेत ज्यांनी संचयी वारंवारता वक्र (एखाद्या आकड्यापर्यंत एकूण किती नोंदी येतात, हे दाखवणारा) काढला असेल त्यांना ती अर्धी ठाऊकच आहे. मध्यक, म्हणजे अगदी मधला आकडा, काढण्यासाठी आपण उभ्या अक्षावर निम्म्या उंचीवर जातो, तेथून वक्रापर्यंत आडवी रेघ ओढतो आणि वक्राला जेथे ती लागते तेथून खाली लंब टाकतो. निम्म्या उंचीऐवजी संगणकाने दिलेल्या कोणत्याही उंचीवरून हीच कृती केली, की खाली जो आकडा मिळतो तो त्या वितरणातला एक नमुना. वक्र जेथे चढा असतो तेथे पुष्कळ लंब पडतात, जेथे तो आडवा झालेला असतो तेथे क्वचितच एखादा पडतो.

एक उदाहरण देतो. एखाद्या थांब्यावर बस सरासरी दहा मिनिटांनी येते, पण वेळापत्रकाशिवाय, मनाला येईल तेव्हा. अशा प्रतीक्षेला घातांकी वितरण लावतात. त्यासाठी सपाट आकड्याचा नैसर्गिक लॉगॅरिदम घेऊन त्याचे चिन्ह बदलायचे आणि दहाने गुणायचे. आकडा ०.९ निघाला तर प्रतीक्षा मिनिटभराची, ०.५ निघाला तर जवळजवळ सात मिनिटांची, ०.०५ निघाला तर तीस मिनिटांची. (या वितरणाला स्मरण नसते, म्हणजे अर्धा तास ताटकळलेल्या माणसालाही आणखी सरासरी दहा मिनिटेच थांबावे लागते. आमच्या गावच्या स्थानकावर हे गणित सिद्ध करून दाखवण्याची गरज कधी पडली नाही.)

घंटेच्या आकाराच्या प्रसामान्य वितरणाचे प्रकरण जरा नाजूक आहे, कारण त्याचा संचयी वक्र उलटवण्याचे साधे सूत्रच नाही. म्हणून जुने लोक बारा सपाट आकड्यांची बेरीज करत आणि त्यातून सहा वजा करत. प्रत्येक आकड्याची सरासरी अर्धी आणि विचरण (पसाऱ्याचे माप) एक द्वादशांश असल्याने बारा आकड्यांचा हिशेब बरोबर बसतो आणि आकारही घंटेसारखा दिसतो. त्यातली खोच अशी की ही बेरीज वजा सहा ते अधिक सहा यांच्याबाहेर कधीच जाऊ शकत नाही. १९५८ मध्ये बॉक्स आणि म्युलर यांनी दोन सपाट आकड्यांतून दोन अचूक प्रसामान्य आकडे काढण्याची पद्धत दिली आणि ती मर्यादा गेली. तरीही बारांच्या बेरजेचा तो दोष माझ्या मनात घर करून आहे, कारण आजचे पुष्कळसे अहवाल वेगळ्या मार्गाने तेथेच पोचतात. ज्या गोष्टी घडतात, त्या त्यांच्या साच्यात घडूच शकत नाहीत.

२३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स एका दिवसात ३,९३४.७२ अंशांनी, म्हणजे १३.१५ टक्क्यांनी कोसळला. निर्देशांकाच्या रोजच्या चढउताराचे प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून साधारण किती दूर पसरतात, त्याचे माप) दीड टक्का धरले, आणि हे काही कंजूसपणे धरलेले नाही, तर ही घसरण त्याच्या पावणेनऊ पट होते. प्रसामान्य वितरणात अशी घसरण साधारण एकावर अठरा शून्ये इतक्या दिवसांत एकदा व्हावी. विश्वाचे वय आज शास्त्रज्ञ १३.८ अब्ज वर्षे मानतात. त्याचे दिवस केले तर पाचावर बारा शून्ये होतात. म्हणजे विश्वाच्या आरंभापासून बाजार रोज उघडा असता, तरी असा दिवस पाहायला मिळण्याची शक्यता लाखांत एकाच्या आसपास राहिली असती. प्रत्यक्षात तो आपण सर्वांनी पाहिला, आणि ज्यांना हर्षद मेहता प्रकरण आठवते त्यांनी एप्रिल १९९२ मध्ये जवळजवळ तेवढीच मोठी दुसरी घसरणही पाहिली आहे.

आता साचा बदलून पाहा. डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यातल्या गॉसेट यांनी ‘स्टुडंट’ या टोपणनावाने १९०८ मध्ये मांडलेले टी-वितरण मधल्या भागात घंटेसारखेच असते, पण त्याच्या कडा जाड असतात. त्यातले तीन स्वातंत्र्यमात्रांचे (कडा किती जाड, हे ठरवणारा हा आकडा) वितरण घेतले, सरासरी तीच ठेवली, प्रमाण विचलनही तेच दीड टक्का ठेवले, तर १३.१५ टक्क्यांची घसरण साधारण तीन हजारांहून थोड्या अधिक दिवसांत एकदा येते, म्हणजे बाजाराच्या कामकाजाच्या हिशेबाने बारा-तेरा वर्षांत एकदा. एकच सरासरी, एकच प्रमाण विचलन, सॉफ्टवेअरमध्ये बदललेली एखादीच ओळ, आणि विश्वाच्या वयात न घडणारी गोष्ट एका माणसाच्या कमावत्या आयुष्यात तीन-चार वेळा घडू लागते. टी-वितरण हेच खरे, असे मी म्हणत नाही. साचा कोणता हे सांगितल्याखेरीज ९४.३७ या आकड्याला अर्थ नाही, एवढेच म्हणतो.

येथे लेखकाच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्यांनी रोजचे नव्हे तर वर्षाचे परतावे काढले असावेत, आणि वर्षाचा परतावा हा अनेक दिवसांची बेरीज असल्याने घंटेच्या आकाराशी बराच जवळ येतो. २००८ मध्ये सेन्सेक्स वर्षभरात ५२ टक्क्यांनी घसरला. वार्षिक सरासरी आणि विचलनाच्या तुलनेत ती वाईट पण कल्पनेपलीकडची घटना नव्हे. वार्षिक हिशेबात साच्याच्या कडांपेक्षा दुसऱ्याच दोन गोष्टी घात करतात.

पहिली गोष्ट सरासरीची. एका वर्षी ३० टक्के मिळाले आणि दुसऱ्या वर्षी २० टक्के गेले, तर साधी सरासरी पाच टक्के येते. प्रत्यक्षात शंभराचे आधी एकशेतीस आणि मग एकशेचार होतात, म्हणजे वर्षाला दोन टक्क्यांहूनही किंचित कमी. वितरणाच्या सूत्रात यांपैकी कोणती सरासरी घालायची, याबाबत शिकलेसवरलेले लोकही घोटाळा करतात, आणि त्या घोटाळ्याची किंमत मोठी असते. नशिबाचा भाग पूर्णपणे बाजूला ठेवून हिशेब करू. ५० लाखांच्या रकमेतून दर वर्षअखेर साडेपाच लाख काढले आणि परतावा दरवर्षी बरोबर १० टक्के मिळाला, तर पैसे २५ वर्षे पुरतात. परतावा ८ टक्के धरला तर ते सतराव्या वर्षी संपतात. साठीला निवृत्त झालेल्या माणसासाठी पंच्याऐंशी आणि सत्याहत्तर यांत केवढे अंतर आहे, हे सांगायला नको. महागाईचा विचार तर यात अजून केलेलाच नाही.

दुसरी गोष्ट क्रमाची, आणि यादृच्छिक नमुन्यांचा खरा उपयोग तेथेच आहे. त्याच ५० लाखांतून, दर वर्षअखेर तेच साडेपाच लाख काढताना, आधी ३० टक्के वाढ आणि नंतर २० टक्के घट झाली तर दोन वर्षांनी ४२ लाख १० हजार उरतात. आधी घट आणि नंतर वाढ झाली तर ३९ लाख ३५ हजारच उरतात. काही काढलेच नसते तर दोन्ही क्रमांत सारखेच ५२ लाख झाले असते. निवृत्तीनंतरची पहिली काही वर्षे वाईट गेली तर पुढच्या चांगल्या वर्षांना वाढवण्यासाठी रक्कमच कमी उरते, ही गोष्ट कोणत्याही सरासरीत दिसत नाही. ती पाहण्यासाठी हजारो क्रम काढून पाहणे हाच मार्ग आहे. म्हणून मी या पद्धतीच्या विरोधात नाही. गणितज्ञ स्तानिस्लाव उलाम आजारातून उठत असताना पत्त्यांचा एकट्याने खेळायचा डाव लागण्याची शक्यता किती, हे सूत्राने काढण्याचा नाद सोडून, शंभर डाव मांडून किती लागतात ते मोजावे, या विचारावर १९४६ मध्ये आले. त्यातून ही पद्धत वाढली आणि जुगारासाठी प्रसिद्ध असलेल्या माँटे कार्लोचे नाव तिला मिळाले. मात्र पत्त्यांच्या जोडात बावन्न पत्ते आहेत, हे उलाम यांना ठाऊक होते. आपल्या जोडात पत्ते किती आणि कोणते, हेच आपल्याला नक्की माहीत नसते.

बहुतेक सॉफ्टवेअर प्रत्येक वर्षाचा आकडा स्वतंत्रपणे उचलते, जणू यंदाच्या वर्षाला गेल्या वर्षाची ओळखच नाही. ठेवींचे व्याजदर तरी असे वागत नाहीत. ते खाली आले की काही वर्षे खालीच राहतात, आणि महागाईही त्यांच्या सोबतीने हलते. काही जण वितरणाची भानगडच नको म्हणून इतिहासातल्या वर्षांच्या चिठ्ठ्या करून त्यांतूनच पुन्हा पुन्हा उचलतात. ही पद्धत मला अधिक प्रामाणिक वाटते. पण सेन्सेक्सचे पायाभूत वर्षच १९७८-७९ आहे, त्यामुळे टोपलीत अर्धशतकाच्याही चिठ्ठ्या नाहीत, आणि आहेत त्या एकाच वाढत्या अर्थव्यवस्थेच्या आहेत. जपानचा निक्केई निर्देशांक २९ डिसेंबर १९८९ रोजी ज्या उंचीवर बंद झाला, ती ओलांडायला त्याला २२ फेब्रुवारी २०२४ उजाडावे लागले. १९८९ च्या अखेरीस निवृत्त झालेल्या जपानी माणसाच्या टोपलीतही तोपर्यंत चांगल्याच चिठ्ठ्या जास्त असणार.

राहिले ते दोन दशांश. दहा हजार वेळा काढलेल्या नमुन्यांत ९,४३७ वेळा पैसे पुरले, म्हणून ९४.३७. बीज बदलून तोच कार्यक्रम पुन्हा चालवला तर ९३.९ ते ९४.८ यांच्यामधले काहीही येऊ शकते, कारण दहा हजार नमुन्यांत अर्ध्या टक्क्याच्या आसपास चूक अंगभूतच असते. ती निम्मी करायची तर नमुने चौपट काढावे लागतात. थोडक्यात, दुसरा दशांश ही शोभा आहे आणि पहिल्यावरही फारसा भरवसा ठेवू नये. शिवाय नमुने वाढवून कमी होते ती केवळ ही चूक. साचा चुकीचा असेल तर एक कोटी नमुने काढूनही चुकीचेच उत्तर अधिक ठामपणे मिळते. तक्त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये एफ नाइनची कळ दाबली की सारे यादृच्छिक आकडे नव्याने निघतात. मनासारखा आकडा दिसेपर्यंत ती कळ दाबणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांत माझे काही हुशार विद्यार्थीही होते. बीज आधी नोंदवून ठेवले, की हा मोह राहत नाही आणि तोच हिशेब दुसऱ्या कोणालाही जसाच्या तसा पडताळून पाहता येतो.

माझी विनंती साधी आहे. मतचाचणीची बातमी छापताना किती लोकांना विचारले, केव्हा विचारले आणि चुकीची मर्यादा किती, हे आपण चौकटीत देता. त्याचप्रमाणे संगणकाने काढलेल्या भविष्यांवर आधारलेला लेख छापताना वितरण कोणते, त्याची सरासरी आणि प्रमाण विचलन किती धरले व ते कोणत्या काळाच्या आकडेवारीवरून घेतले, एका वर्षाचा पुढच्या वर्षाशी संबंध मानला की नाही, नमुने किती आणि बीज कोणते, एवढे चार ओळींत द्यावे. शक्य असल्यास सरासरी दोन टक्क्यांनी कमी धरून आलेले उत्तर त्याच लेखात शेजारी छापावे. जागा फार लागणार नाही. माझ्या पत्रापेक्षा नक्कीच कमी लागेल. आपल्या लेखकांनी ही माहिती पुढील अंकात दिली तर तोच हिशेब मी घरच्या संगणकावर करून पाहीन आणि माझा आकडा त्यांच्याशी जुळला तर तसे आपल्याला लिहून कळवीन. आमच्या सल्लागारांकडेही मी हीच माहिती लेखी मागितली आहे. उत्तराची वाट पाहत आहे, आणि ही प्रतीक्षा घातांकी वितरणातली नसावी, अशी आशा आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त संख्याशास्त्र प्राध्यापक, सातारा
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)